पाणलोटाच्या दोन बाजू : आंबोलीच्या वाटेवरील वीट आणि चिरा

महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेले आंबोली हे गाव धबधबे, धुके आणि वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस यांसाठी सर्वपरिचित आहे. मात्र घर कशाचे बांधावे या प्रश्नाला दक्षिण महाराष्ट्राने शोधलेली दोन निरनिराळी उत्तरे याच माथ्यावर एकमेकांना भेटतात, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. घाटमाथ्याच्या पूर्वेस, आजरा-गडहिंग्लजच्या बाजूला, माती मळून, साच्यात घालून आणि भाजून केलेली वीट चालते. पश्चिमेस, घाट उतरताच, जमिनीतूनच तासून काढलेला जांभ्या दगडाचा चिरा चालतो. दोन्ही वस्तू मूलतः हाताने घडविल्या जात, दोहोंचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि दोहोंच्या मुळाशी उष्ण कटिबंधातील पाऊस आणि खडक यांचा फार जुना व्यवहार आहे. म्हणून या वाटेचा प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे विटेकडून चिऱ्याकडे करणे अभ्यासकाला सोयीचे ठरते.

वाट स्वतः जुनी आहे. वेंगुर्ले बंदरात उतरणारा माल सावंतवाडीवरून घाट चढून बेळगावच्या लष्करी छावणीकडे आणि देशावरील बाजारपेठांकडे जात असे. इंग्रजी अमदानीत हा घाटरस्ता बांधून काढण्यात आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्नल वेस्ट्रॉप या पोलिटिकल एजंटाने आंबोलीस थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले. पोलिटिकल एजंट म्हणजे संस्थानाच्या कारभारावर देखरेख ठेवणारा इंग्रज सरकारचा प्रतिनिधी. आज संकेश्वराहून गडहिंग्लज, आजरा आणि आंबोली या मार्गाने बांद्याकडे जाणाऱ्या महामार्गावरून मोटारी धावतात आणि पूर्वी बैलांच्या तांड्यांना काही दिवस लागत ते अंतर काही तासांत कापले जाते. मात्र या वेगामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बदलत जाणाऱ्या भिंती नजरेतून निसटतात.

आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी ही नदी या प्रवासाची खरी वाटाडी म्हणता येईल. आंबोलीतील देवस्थानाजवळच्या गुहेतून बाहेर पडणारे तिचे पाणी पूर्वेकडे वळते, आजरा आणि गडहिंग्लज ओलांडून पुढे घटप्रभेस आणि घटप्रभेद्वारे कृष्णेस मिळते. बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला काळा खडक, झिजून तयार झालेला बारीक गाळ हे पाणी आणि त्याला मिळणारे असंख्य ओढे शतकानुशतके खाली वाहून नेत आले आहेत. नदीकाठच्या शेतांत साचलेला हा गाळ उसाला जसा मानवतो तसाच तो विटेलाही उपयोगी पडतो. दिवाळीनंतर शेतातील ओल आटली की या टापूत, आणि एकूणच कोल्हापूर जिल्ह्याच्या नदीकाठांवर, वीटभट्ट्यांची कामे सुरू होतात आणि वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत चालतात.

हाताने वीट पाडण्याची रीत वरवर साधी दिसते, परंतु तिच्यातील प्रत्येक टप्प्यामागे मातीच्या स्वभावाची नेमकी जाण असते. खणलेली माती खड्ड्यात पसरून तिच्यावर पाणी सोडले जाते आणि ती रात्रभर मुरू दिली जाते. मातीचे कण पाणी सावकाश शोषतात आणि घाईने मळलेल्या चिखलात कोरडे खडे तसेच राहून पुढे तिथेच वीट फुटते, हे त्याचे कारण. निव्वळ काळी माती विटेला चालत नाही, कारण ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसून तडकते. म्हणून तिच्यात तांबूस किंवा रेताड माती, भाताचे तूस आणि राख मिसळली जाते. साखर कारखान्यांच्या या प्रदेशात उसाच्या चिपाडांची राख सहज मिळते आणि तीत न जळालेला जो थोडा अंश उरतो तो भट्टीत विटेला आतून भाजण्यास मदत करतो. यानंतर चिखल पायांनी तुडवला जातो. टाचेखाली खडा लागला की तो वेचून बाहेर टाकायचा आणि चिखल बोटांना न चिकटता एका लगद्यात सुटू लागेपर्यंत तुडवत राहायचे, ही या कामाची कसोटी. ती मोजण्याचे कोणतेही उपकरण भट्टीवर नसते.

साच्याचे काम त्याहून वेगवान आहे. आतून पाण्यात बुडवलेला किंवा बारीक वाळू भुरभुरवलेला साचा समोर ठेवून मजूर अंदाजाने नेमका तेवढाच लगदा उचलतो, जमिनीवर वाळूत एकदा लोळवतो आणि साच्यात जोराने आपटतो. हा जोर महत्त्वाचा असतो, कारण चारही कोपरे त्या एका आपटण्यातच भरले गेले पाहिजेत. मागाहून बोटाने दाबून भरलेला कोपरा वाळल्यावर सुटा पडतो. वर आलेला चिखल पट्टीने किंवा तळहाताच्या कडेने निपटून काढला जातो, साचा वाळूने सारवलेल्या सपाट अंगणात उलटा केला जातो आणि जराही न डुलवता सरळ वर उचलला जातो. मागे ओली, चकाकणारी, तीक्ष्ण कडांची कच्ची वीट उरते. ओल्या विटेचे आकारमान मुद्दाम थोडे मोठे धरलेले असते, कारण वाळताना आणि भाजताना ती आकसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कडेवर उभी केली जाते आणि पुढे वारा आरपार खेळेल अशा जाळीदार थरांत रचली जाते. पुरेशा वाळलेल्या विटांची मग भट्टी लावली जाते, म्हणजे तळाशी आणि थरांमध्ये जळण घालून विटांचाच एक मोठा चौकोनी ढीग रचला जातो, बाहेरून तो मातीने लिंपला जातो आणि आत आग सोडली जाते. पुष्कळ दिवस धुमसून निवालेल्या भट्टीतून तीन प्रकारच्या विटा निघतात: बाहेरच्या थरातील अर्धवट भाजलेल्या, मधल्या पक्क्या आणि अग्नीच्या अगदी जवळ असल्यामुळे वितळून काळपट, वाकड्या झालेल्या खंगर विटा. पक्की वीट दुसऱ्या विटेवर आपटली असता खणखणीत वाजते आणि गवंडी आजही याच नादावरून माल पारखतो.

या कामाच्या मजुरीची पद्धत लक्षात घेतल्याशिवाय त्याचे वर्णन पुरे होत नाही. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने ठरते आणि हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, जिला उचल म्हणतात, ती फिटेपर्यंत अनेक कुटुंबे भट्टीशेजारच्या खोपटात राहतात. नवरा साचा चालवतो, बायको चिखल पुरवते आणि मुलांचे शाळेचे वर्ष हंगामाबरोबर तुटते. हस्तकलेचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कौशल्य थोर आहे आणि त्याचा मोबदला अपुरा आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

देशावर विटेचा इतिहास दोन हजार वर्षांमागे जातो. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात सातवाहन काळातील भाजक्या विटांच्या घरांचे अवशेष मिळाले. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर नगरात, त्रिविक्रम मंदिराच्या रूपाने विटांचा एक प्राचीन चैत्य उभा आहे. चैत्य म्हणजे मागील बाजू अर्धवर्तुळाकार असलेले बौद्ध प्रार्थनागृह. नदी, गाळाची माती, वर्षातील सात-आठ कोरडे महिने आणि जळण या चार गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे वीट टिकते, असे या स्थळांवरून दिसते.

आजरा मागे टाकून गाडी पश्चिमेकडे निघाली की या चार गोष्टींपैकी एकेक गळू लागते. नदी अरुंद होऊन ओढ्याएवढी होते आणि गाळाची शेते संपतात. पावसाचे मान इतक्या झपाट्याने वाढते की आजऱ्याच्या पूर्वेला उसाची लागवड आणि आंबोलीच्या सीमेवर सदाहरित जंगल, असा बदल एका तासाच्या प्रवासात डोळ्यांसमोर घडतो. भट्ट्या विरळ होतात आणि मग दिसेनाशा होतात. आंबोलीत कच्ची वीट वाळवणे जवळपास अशक्य आहे, कारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे धुके व दव यांमुळे हवेतील ओल क्वचितच हटते. येथील जुन्या घरांचे जोते, म्हणजे जमिनीवर उचललेला पाया, दगडाचे असे. त्यावरची भिंत दगड-मातीची असे आणि पावसाच्या माऱ्यापासून ती वाचवण्यासाठी छपराची पागोळी पुष्कळ पुढे काढून शिवाय पश्चिमेच्या अंगाला गवताच्या ताट्या बांधल्या जात. छपरावर कुंभाराने चाकावर घडवलेले अर्धगोल नळे असत. पुढे बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यावर सपाट मंगलोरी कौले किनाऱ्याने वर सरकत कोकणभर पसरली आणि नळे हळूहळू उतरले. यावरून भाजलेली माती कोकणाने छपरासाठी सहज स्वीकारली, असे दिसते; भिंतीसाठी मात्र त्याला तिची गरज भासली नाही, कारण भिंतीचे साहित्य पायाखालीच तयार होते.

हे साहित्य कसे तयार झाले हे समजण्यासाठी आंबोली आणि चौकुळ यांच्या दरम्यानच्या सड्यांवर थोडा वेळ उभे राहणे आवश्यक आहे. सडा म्हणजे वृक्षहीन, सपाट, कठीण कातळाचे पठार. पावसाळ्याबाहेर ते ओसाड भासते. पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत पाणी साचते आणि कीटकभक्षी वनस्पतींपासून इवल्या रानफुलांपर्यंत विलक्षण समृद्ध जीवसृष्टी तेथे प्रकटते. हा कातळ जांभा आहे. अतिपावसाच्या उष्ण प्रदेशात खडकावर लक्षावधी वर्षे पाणी झिरपत राहिले की त्यातील सिलिका, चुना, सोडा, पोटॅश यांसारखे विरघळणारे घटक वाहून जातात आणि न विरघळणारी लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. ओल्या आणि कोरड्या ऋतूंच्या आलटून पालटून येण्याने ही संयुगे वरच्या थरात एकवटून घट्ट होतात. लोहामुळे दगडाला तांबडा-जांभळा रंग येतो आणि निघून गेलेल्या घटकांच्या जागी पोकळ्या राहिल्यामुळे त्याचे अंतरंग मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र दिसते. ॲल्युमिनियमचे प्रमाण जिथे पुरेसे वाढते तिथे याच थरांतून बॉक्साइट मिळते, आणि त्यामुळेच कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या सीमेवरील पठारांवर खाणकामाचा डोळा कायम असतो.

भूवैज्ञानिक या प्रदेशातील जांभ्याचे दोन गट करतात. घाटमाथ्यावरचा उच्चस्तरीय जांभा बेसाल्टवर टोपीसारखा बसलेला असून तो अधिक प्राचीन आहे. घाटाखाली, समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटर उंचीपर्यंतच्या कोकणपट्टीत पसरलेला निम्नस्तरीय जांभा निरनिराळ्या खडकांवर तयार झालेला आहे. म्हणून आजचा पाऊस म्हणजेच आजचा जांभा असे समीकरण मांडणे चूक ठरेल. वरचा थर तयार झाला तेव्हा सह्याद्रीचा कडा आजच्या जागी आणि आजच्या रूपात नव्हता. मात्र एवढे निश्चित की कोरड्या पूर्वेला खडक झिजून मातीच्या रूपाने दूर वाहत गेला आणि ओल्या पश्चिमेला खडकातील लोह जागच्या जागी राहून पुन्हा दगड बनले. वीट करताना मनुष्य माती, पाणी, ऊन आणि अग्नी यांच्या साहाय्याने काही आठवड्यांत जे घडवतो, त्याच्याशी नाते सांगणारे काम येथे निसर्गाने अग्नीवाचून केलेले आहे.

सड्याचे मोल दगडाच्या मोलाहून अधिक आहे, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. २००९ मध्ये स्वतंत्र प्रजातीत वर्गीकृत करण्यात आलेला आंबोली भेक, ज्याचे शास्त्रीय नाव झँथोफ्रिन टायग्रिना असे आहे, तो याच परिसरात आढळतो. सुट्या जांभ्या दगडांखाली तो आसरा घेतो आणि पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये त्या स्थळास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणून चिऱ्याविषयी पुढे जे काही म्हटले आहे ते घाटाखालच्या, आधीच खोदलेल्या खाणींना लागू आहे. माथ्यावरच्या सड्याला हात लावण्याचे समर्थन त्यातून कोणी काढू नये.

आंबोलीहून सावंतवाडी सुमारे ३० किलोमीटरवर आहे. घाटाची वळणे उतरून दाणोली गाठेपर्यंत हवा दमट आणि उष्ण होते, सुपारी आणि माड दिसू लागतात, आणि रस्त्याकडेच्या आवारांना गडगे, म्हणजे चुना-सिमेंटविना एकावर एक रचलेल्या जांभ्या दगडांचे बुटके बांध, सुरू होतात. सावंतवाडी, कुडाळ, मालवण या तालुक्यांतील सड्यांवर चिरेखाणी आहेत. दूरून पाहता त्या जमिनीत उतरत गेलेल्या प्रचंड चौकोनी पायऱ्यांसारख्या दिसतात. उभ्या भिंतींवर कापणीच्या आडव्या रेषा थराथराने मोजता येतात आणि तळाशी साचलेले पावसाचे पाणी पुढे फार दिवस टिकते.

हाताने चिरा काढण्याची रीत विटेच्या रीतीच्या अगदी उलट दिशेने चालते: विटेत लगदा साच्यात भरायचा असतो, येथे अखंड कातळातून नको तेवढा भाग काढून टाकायचा असतो. प्रथम वरची माती आणि कातळाचा अतिकठीण वरचा थर पहारीने फोडून दूर केला जातो, कारण तो थर ठिसूळ तरी असतो किंवा हत्याराला दाद देत नाही. त्याखाली एकसारखा, ओलसर, तुलनेने मऊ दगड लागतो. त्याच्याही खाली शेडी लागते, म्हणजे लोह उतरून गेलेली पांढरट-गुलाबी चिकणमाती. शेडी लागली की ती खाण संपली. मधल्या उपयोगी थराची बैठक आधी सपाट केली जाते आणि तिच्यावर दोरी ताणून मापाच्या रेषा आखल्या जातात. चिऱ्याची मापे खाणीगणिक थोडी बदलतात, परंतु १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच जाड हे माप पुष्कळ चालते. असा एक चिरा आकारमानाने आठ-नऊ विटांएवढा भरतो आणि वजनाला ३० किलोच्या आसपास असतो.

रेषेवर कामगार उभा राहून कुदळीच्या जातीच्या लांब टोकदार हत्याराने खाच पाडू लागतो. घाव सरळ खाली पडत नाही. तो किंचित तिरपा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पडतो, त्यामुळे मधली भुकटी सुटी होऊन पुढच्या घावाला जागा मिळते. खाच हत्यार आत जाईल एवढीच रुंद ठेवायची असते, कारण ती जेवढी रुंद होईल तेवढा दगड वाया जातो. चारही बाजू मोकळ्या झाल्यावर तळाशी समोरून घाव घालून चिरा बुडातून सोडवला जातो. हा क्षण निर्णायक असतो, कारण बुडाचा घाव चुकला तर आधीची सगळी मेहनत दोन तुकड्यांत हाती येते. अनुभवी कामगार घावाच्या आवाजावरून आतील पोकळी किंवा कच्ची शीर ओळखतो आणि त्याप्रमाणे घावाची जागा बदलतो. बाहेर काढलेला चिरा उभा करून त्याची तोंडे तासली जातात आणि कोपरे गुण्याला, म्हणजे काटकोन पाहण्याच्या साधनाला, लावून तपासले जातात. निघालेला चुरा रस्त्यांच्या आणि जोत्यांच्या भरावात जातो.

ताजा चिरा लगेच भिंतीत घालू नये, असा गवंड्यांचा जुना दंडक आहे. खाणीतून निघताना दगडात ओल असते आणि त्यातील लोहाची संयुगे अजून पूर्णपणे स्थिरावलेली नसतात. उघड्यावर काही महिने ऊन-वारा लागला की ओल उडते, ती संयुगे घट्ट होतात आणि दगड टणक बनतो. खणताना मऊ आणि वापरताना कठीण, हा जांभ्याचा गुण १८०० ते १८०१ या काळात म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रदेशांचा सर्वेक्षण-प्रवास करणाऱ्या फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश वैद्याने मलबारातील अंगाडीपुरम येथे बारकाईने टिपला, आणि तेथील लोक हा दगड विटेसारखा कापून वापरतात हे पाहून लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. त्याचा ग्रंथ १८०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून जगभरच्या भूविज्ञानात हेच नाव रूढ आहे. अंगाडीपुरमला आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. ब्यूकॅननने पाहिलेली रीत आणि सिंधुदुर्गातील हाताच्या खाणीची रीत यांत मूलभूत फरक नाही.

या दगडाने काय उभे राहू शकते हे पाहण्यासाठी सावंतवाडीचा राजवाडा पुरेसा आहे. तिसरे खेम सावंत यांच्या १७५५ ते १८०३ या दीर्घ कारकिर्दीत त्याची उभारणी झाली. तांबड्या जांभ्याच्या कमानी आणि भिंती मोती तलावाच्या काठी आजही भक्कम उभ्या आहेत आणि वाड्याच्या आत गंजिफा रंगवण्याची कला चालू राहिलेली आहे. रेडीचा यशवंतगड आणि विजयदुर्ग यांची बांधणीही जांभ्याची आहे. मालवण तालुक्यातील कुडोपी येथे तर याच कातळावर मानवाने कोरलेली चित्रे आहेत. कोकणातील इतर कातळचित्रांसमवेत त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झालेला आहे. सामान्य घरांत चिरा जोते, भिंती, विहिरीचे बांधकाम, तुळशीवृंदावन आणि खळ्याचे, म्हणजे अंगणाचे, कठडे या सर्वांत दिसतो. जुन्या भिंतींत सांधे मातीचे किंवा शिंपल्यांच्या चुन्याचे असत आणि वरून गिलावा असे. गिलाव्याचे महत्त्व जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेवरून समजते: १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला काढण्यात आला आणि उघडा पडलेला जांभा पावसाने झिजत असल्याची चिंता तेव्हापासून व्यक्त होत आली आहे. टणक झालेला चिराही अखेर सच्छिद्र असतो आणि कोकणच्या पावसासमोर त्याला अंगरखा लागतो.

आज बहुसंख्य खाणींत चिरा यंत्राने कापला जातो. गोल पात्याचे यंत्र आखलेल्या पट्टीवरून सरकत एका दिशेने समांतर काप घेते, मग काटकोनात दुसरे काप घेते आणि माणसाकडे शेवटी चिरे सोडवून उचलण्याचे काम उरते. यंत्राने माणसाच्या पाठीवरचा भार हलका केला, वाया जाणारा दगड कमी केला आणि मापे एकसारखी केली; या लाभांना कमी लेखण्याचे कारण नाही. तोटा वेगळा आहे. कातळाचा आवाज ओळखणारे, खाच अरुंद ठेवणारे आणि वाकड्या जागेसाठी हवा तसा चिरा तासून देणारे हात वयस्क झाले आहेत आणि त्यांच्याकडून शिकणारे जवळपास कोणी नाही. जुन्या वाड्यांच्या, देवळांच्या आणि गडांच्या दुरुस्तीला मात्र हेच हात लागतात, कारण दोनशे वर्षांपूर्वीच्या भिंतीत यंत्राचा गुळगुळीत चिरा डोळ्यांनाही विजोड दिसतो आणि हाताने तासलेल्या खडबडीत तोंडावर गिलावा जसा धरतो तसा त्याच्यावर धरत नाही. फरक ओळखणे कठीण नाही: हाताच्या चिऱ्यावर तिरप्या, कमी-अधिक खोलीच्या आखूड घावांच्या रांगा असतात, यंत्राच्या चिऱ्यावर पात्याने उमटवलेल्या एकसारख्या वक्ररेषा असतात. सावंतवाडीच्या कोणत्याही गल्लीत दोन शेजारच्या भिंतींवर हा फरक वाचता येतो.

अशा कौशल्यांचे जतन जगात कसे केले जाते याचे एक ठोस उदाहरण अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील कलोनियल विल्यम्सबर्ग येथे आहे. अठराव्या शतकातील नगर जसेच्या तसे चालवून दाखवणाऱ्या या जिवंत इतिहासस्थळी एक वीटखाना आहे. उन्हाळ्यात पाहुण्यांना अनवाणी चिखल तुडवू दिले जाते, कारागीर साच्यात विटा पाडून दाखवतात, शरद ऋतूत लाकडांची भट्टी पेटवली जाते आणि त्या विटा त्याच नगरातील बांधकामांत वापरल्या जातात. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे प्रात्यक्षिक हे निव्वळ देखावा न राहता काम राहते. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी संग्रहालयाने बलुतेदारांचे ग्रामजीवन मूर्तिरूपाने मोठ्या कष्टाने उभे केले आहे आणि हजारो शालेय विद्यार्थी ते पाहून जातात. मूर्ती हत्यार कसे धरावे ते दाखवू शकते. घाव कुठे घालावा हे मात्र चालता हातच शिकवू शकतो.

घाटाच्या पायथ्याशी, शेडी लागून बंद पडलेल्या एखाद्या खाणीत, असे स्थळ उभे राहू शकते. त्यासाठी नवा सडा फोडण्याची गरज नाही. जुन्या खाणीच्या कडेला थोडा उपयोगी थर बहुधा शिल्लक असतोच. हंगामात तेथे ज्येष्ठ कामगारांनी योग्य रोजावर, ठरलेल्या तासांत आणि सावलीत चिरे काढून दाखवावेत, वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते शिकावे, आणि निघालेले चिरे वारसा वास्तूंच्या दुरुस्तीसाठी जावेत. शेजारीच आजरा-गडहिंग्लजकडील कारागिरांनी साच्याने वीट पाडून दाखवली, तर एकाच घाटाच्या दोन्ही अंगांचे बांधकाम पाहुण्याला एकत्र समजेल. यासाठी लागणारा खर्च आंबोलीच्या धबधब्याजवळ दर पावसाळ्यात होणाऱ्या व्यवस्थेच्या खर्चाहून मोठा असण्याचे कारण नाही. लागतो तो जिल्हा प्रशासन, पुरातत्त्व विभाग आणि वास्तुकला महाविद्यालये यांच्यातील मेळ. चिरा हे कायद्याने गौण खनिज असून त्यावर शासन स्वामित्वधन, म्हणजे खनिज काढण्याबद्दलची आकारणी, वसूल करते. या रकमेतील अल्पसा वाटा ज्या हातांनी ते खनिज पिढ्यान्‌पिढ्या काढले त्यांच्या विद्येसाठी राखून ठेवणे न्याय्य ठरेल.

तोपर्यंत नोंदीचे काम वाचकालाही करता येण्यासारखे आहे. आंबोलीस जाण्याचा बेत दिवाळी ते चैत्र या कोरड्या महिन्यांत आखावा, आजऱ्याच्या बाजूने चढून सावंतवाडीकडे उतरावे, भट्टीवर किंवा खाणीवर मालकाची आणि कामगारांची परवानगी घेऊनच थांबावे आणि त्यांचा वेळ घेतला तर त्याचा मोबदला द्यावा. हाताने चिरा काढणारा कामगार भेटला तर त्याच्या हत्यारांची नावे, चिऱ्याची मापे, घावांचा क्रम आणि तो हे कोणाकडून शिकला ही माहिती त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि त्याच्या संमतीने जवळच्या ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाला द्यावी. अशा नोंदी फार थोड्या झालेल्या आहेत आणि हाताने चिरा काढणाऱ्यांची संख्या दर हंगामाला घटत आहे.